इम्पोर्टच्या ओळी कोण हलवतंय?

भावोजींच्या मते जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना दिसतं, आणि दुसरे भावोजी, ज्यांना कळतं. "गुन्हेगार माझ्यासमोर नुसता उभा राहू दे," ते म्हणत, "त्याच्या बुटांवरून मी त्याचा पासवर्ड सांगतो." टेबलावर त्यांनी स्वतःच छापून घेतलेली पाटी होती: 'संगणकीय गुन्हे अन्वेषक. आधी घाम पुसा, मग बोला.' पाटीमागे प्रिंटरच्या शाईचे खोके रचलेले असत, कारण प्रिंटर, पंखे आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड सांभाळणं हे त्यांचं पगारी काम होतं. अन्वेषण ते फुकट करत. त्याची किंमतही तेवढीच होती, असं ताईचं प्रामाणिक मत होतं.

ताई ही त्यांची सहायक. हे पद तिने मागितलेलं नव्हतं. ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी जीव ओतून लिहिलेला प्रोग्राम कुठे पडतो ते दाखवायचं आणि वर हसून 'सॉरी हं' म्हणायचं, हा तिचा धंदा. पण हरवलेल्या चार्जरच्या प्रकरणात भावोजींनी अर्ध्या ऑफिसची उलटतपासणी घेतल्यावर तिने विचारलं, "तुमच्या बॅगेत बघितलंत का?" चार्जर बॅगेत निघाला. भावोजींनी बॅगेकडे अत्यंत संशयाने पाहिलं आणि ताईला त्याच दिवशी सहायक नेमून टाकलं.

आता भावोजी हे मुळात कोणाचे भावोजी, तर मालकीणबाईंचे. नवऱ्याचा धाकटा भाऊ म्हणून त्या त्यांना भावोजी म्हणत, ते त्यांना वहिनी म्हणत, आणि ऑफिसने दोन्ही नावं जशीच्या तशी उचलली होती. त्यामुळे वहिनींचं सासर घरी संपत नसे. ते रोज सकाळी लिफ्टने वर येऊन ऑफिसभर पसरे.

या ऑफिसात दातांच्या दवाखान्यांसाठी पेशंटना वेळा देणारा प्रोग्राम तयार होत होता. त्याच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर इम्पोर्टच्या ओळी असत. स्वयंपाकाला लागण्याआधी आपण जे जे लागणार ते डबे ओट्यावर काढून ठेवतो ना, तसंच हे. मला तारखांचं हे लागेल, फोन नंबरचं ते लागेल, असं प्रोग्राम सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. डबे कुठल्या क्रमाने काढले याने या प्रोग्रामला काडीचाही फरक पडत नव्हता. माणसांना पडत होता.

फरक पडणारी माणसं दोन. एक होता टापटीप. त्याच्या बॅगेतल्या वस्तूसुद्धा नावाच्या क्रमाने ठेवलेल्या असत, मग इम्पोर्टच्या ओळी वर्णक्रमाने लागल्याच पाहिजेत याबद्दल त्याच्याकडे सबळ कारणं होती आणि ती ऐकायला निदान दोन कप चहा लागे. दुसरी होती ताईची धाकटी बहीण. तिला सगळ्यात छोटी ओळ वर आणि सगळ्यात लांब ओळ खाली, अशी पायऱ्यांसारखी मांडणी हवी असे. "बघायला बरं वाटतं," एवढंच तिचं कारण, आणि त्याला टापटीपच्या दोन कप चहातही उत्तर नव्हतं.

या दोघांचं लग्न ठरलं होतं.

ऑफिसात एक लिंटरही होता. लिंटर म्हणजे लिहिलेला कोड तपासणारा प्रोग्राम. खडूस मास्तरासारखा, एक जागा जास्त सुटली तरी वही परत फेकणारा. ओळींचा क्रम सांभाळण्याचं कामही त्याने आनंदाने केलं असतं, पण कुठला क्रम ते आधी कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं. त्यावरून टापटीप आणि धाकटी एवढे भांडले की वहिनींनी लिंटरचा तो नियमच बंद करून टाकला. "तुमचं तुम्ही आपसात ठरवा आणि मला येऊन सांगा," त्या म्हणाल्या. "मी कोणाच्या संसारात पडत नाही."

सांगायला कोणीच आलं नाही, पण ओळी हलायला लागल्या.

सकाळी एका क्रमाने, संध्याकाळी दुसऱ्या. टापटीप उजाडताच येऊन चारला निघून जाई, धाकटी जेवणाच्या सुमारास येऊन उशिरापर्यंत बसे, आणि दोघं रोज त्याच फायलींत काम करत. खरा बदल एखाद्या ओळीचा असे, पण तपासायला येताना त्याच्यासोबत वरच्या सगळ्या इम्पोर्ट ओळी लाल-हिरव्या होऊन नाचत येत. ताई धान्यातून खडा निवडावा तसा तो एक बदल शोधत बसे. तिच्या नाकी नऊ आले होते, पण ते तिचं तिने सोसलं असतं.

पण त्या आठवड्यात सकाळच्या चहाला धाकटी म्हणाली, "ताई, शनिवारी मी घराच्या करारावर सही करणार नाहीये."

लग्नानंतर राहायला दोघांनी एक भाड्याचं घर बघून ठेवलं होतं. छोटंसंच, पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती. त्या खिडकीवरून धाकटीने ताईचं डोकं खाल्लं होतं.

"का गं?"

"मी ओळी लावते, तो विस्कटतो. रोज."

"इम्पोर्टच्या? अगं, ओळीच ना त्या?"

"ओळीच! ज्याला माझ्या चार ओळी लावल्या तशा राहू देववत नाहीत, तो उद्या मला कुठे राहू देणार आहे? मी आपली मनावर दगड ठेवून करते आणि हा ते माझ्या तोंडावर फेकतो." एवढं बोलेपर्यंत तिचे डोळे भरून आले.

ओळी लावायला मनावर दगड कशाला लागतो, हे ताईने तेव्हाच विचारायला हवं होतं. तिने नाही विचारलं, कारण त्या क्षणी तिच्या मनात भलतंच काहीतरी येऊन गेलं होतं. करार नाही, म्हणजे धाकटी इथेच. सकाळी चहाचे दोन कप, पलंगावर फेकलेला ओला टॉवेल, बाथरूममधलं बेसूर गाणं, सगळं जिथल्या तिथे. तिला चक्क बरं वाटलं. चहाचा एक घोट घेईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं, आणि मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की उरलेला चहा तिने बेसिनमध्ये ओतून दिला.

ऑफिसात पोचेपर्यंत तिने ठरवलं होतं की हा गोंधळ आपण मिटवायचा. तेवढ्यात भावोजींनी तिला गाठलं.

"तुझ्या घरी कोणीतरी रडलंय," ते कुजबुजले. त्यांची कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू जाई. "कोण?"

"माझी बहीण. भावोजी, हे घरचं आहे."

"सगळे मोठे गुन्हे घरचेच असतात! प्रकरण माझ्याकडे आलं असं समज."

"आलेलं नाही."

"आता आलं," भावोजी म्हणाले आणि त्यांनी पाटी पुसली.

त्यांनी पहिल्यांदा फायलींचा इतिहास मागवला. कोणी कधी काय बदललं ते तिथे नावानिशी दिसतं. ओळी प्रत्येक वेळी दोघांपैकीच कोणीतरी बदललेल्या होत्या. एकदा टापटीप, एकदा धाकटी, पुन्हा टापटीप.

"झालं तर मग," ताई म्हणाली. "दोघंही बदलतायत."

भावोजी दयेने हसले. "सहायक, कधी असा चोर पाहिलायस, जो चोरी करून जाताना भिंतीवर सही ठोकतो? ज्यांची नावं आहेत ते दोघेही निर्दोष. हे शंभर टक्के तिसऱ्याचं काम आहे."

तिसरा शोधायला भावोजींनी ऑफिसात आकाशपाताळ एक केलं. बोटांचे ठसे घ्यायला त्यांनी टापटीपच्या कीबोर्डवर तोंडाला लावायची पावडर शिंपडली. ठसे दहाच्या दहा टापटीपचे निघाले आणि स्पेसचं बटण कायमचं अडकलं. मग त्यांचा संशय पाण्याचा फिल्टर बदलायला येणाऱ्या माणसावर गेला, कारण त्याने जाताना 'झालं काम' असं म्हटलं होतं. त्याला त्यांनी एवढे आडवेतिडवे प्रश्न विचारले की तो बिचारा जुना फिल्टर परत बसवून गेला. मग समोरच्या इमारतीतली कंपनी. तिथल्या खिडकीत एक माणूस सतत यांच्या खिडकीकडे बघत उभा असे. भावोजी त्याच्यावर नजर ठेवून राहिले. शेवटी त्या माणसानेच हात हलवून विचारलं की तुम्ही सारखे माझ्याकडे का बघता.

टापटीपची जबानी मात्र ताईनेच घेतली. त्याला चेहऱ्यावरचं काही लपवता येत नसे. तो रुमालाने स्पेसच्या बटणावरची पावडर पुसत बसला होता.

"शनिवारचं काय करायचं ठरवलंय?" तिने विचारलं.

"ताई, मी आता काही म्हणणार नाही. मला जेवढं करता येत होतं तेवढं मी केलं. तिला ते नको असेल तर राहिलं."

"काय केलंत पण?"

"ते जाऊ द्या," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. ताई आणखी खोदून विचारणार, एवढ्यात टेबलाखालून भावोजी बाहेर आले. ते तिथे का होते हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या केसांना लागलेलं जळमट पाहून कोणी विचारलंही नाही.

शुक्रवारी सकाळी भावोजी आनंदाने लालबुंद होऊन आले. "सुटलं!" त्यांनी ताईच्या टेबलावर दोन कागद आपटले. "हे बघ. हा सकाळचा कोड, हा संध्याकाळचा. सकाळी छोट्या ओळी वर असतात. संध्याकाळी त्या खाली जाऊन कुठेही मिसळतात. का?"

"का?"

"एसी! सकाळी एसी लागलेला नसतो. हवा गरम. गरम हवेत हलकी वस्तू वर जाते. छोटी ओळ हलकी! दुपारी एसी लागला की बिचारी बसते खाली."

ताईने कपाळाला हात लावला. पण हात कपाळावर असतानाच तिची नजर सकाळच्या कागदावर गेली आणि तिथेच अडकली. छोटी ओळ वर, लांब ओळ खाली. ही तर धाकटीची पायऱ्यांची मांडणी. आणि सकाळी ऑफिसात असतो टापटीप. धाकटी त्या वेळी घरी बाथरूममध्ये गात असते.

धाकटी आली की तिला गाठायचं असं ताईने ठरवलं, पण धाकटी आली तीच एसी बंद पडल्याच्या गडबडीत. दिवसभर घामाच्या धारा लागल्या, आणि तरी ओळी हलायच्या तशा हलल्या. गरम हवेचा सिद्धांत तिथेच कोसळला. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. भावोजींनी मात्र टापटीप घरी जायच्या आत सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि पंखा स्वतःकडे वळवून घेतला.

"गुन्हेगार याच खोलीत आहे," ते म्हणाले.

"भावोजी, मला तीन वाजता फोन आहे," वहिनी म्हणाल्या.

"दोनच मिनिटं, वहिनी. प्रश्न असा आहे की यात लाभ कोणाचा? ओळी हलल्या, दोघांचं बिनसलं. उद्या करार होणार नाही. मग ही मुलगी राहील कुठे? जिथे आज राहते तिथे. आणि तिथे तिच्याशिवाय एकटं पडणारं माणूस कोण?" भावोजींनी बोट फिरवत फिरवत नेलं आणि ते स्वतःच्या सहायकेवर आणून थांबवलं. "माफ कर ताई. कर्तव्य म्हणजे कर्तव्य."

टापटीप खाली बघत होता. धाकटी मात्र ताईकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, जणू हे आपल्याला आधी का सुचलं नाही असं.

"भावोजी, कारण तुम्ही अगदी बरोबर काढलंत," ताई म्हणाली. "मला एकटं पडायची भीती वाटते. ही म्हणाली करार करत नाही, तेव्हा मला आनंदसुद्धा झाला होता. पण ओळी मी नाही हलवल्या. तुम्ही दोघांनी आपापले लॅपटॉप आणा बघू."

दोघं मुकाट्याने जाऊन लॅपटॉप घेऊन आले आणि टेबलाच्या दोन टोकांना बसले. एखादं बटण दाबून काही बिघडलं की तेच बटण दुसऱ्या मशीनवर दाबून बघायचं, एवढी एकच विद्या ताईजवळ होती. तिने दोघांना तीच फाइल उघडायला लावली. "आता काही बदलू नका. नुसतं सेव्ह करा. आधी तू."

धाकटीने सेव्ह केलं. वरच्या ओळींनी टुणकन उडी मारली आणि त्या वर्णक्रमाने उभ्या राहिल्या.

"ही तर यांची मांडणी," ताई म्हणाली. "तुझ्या कोड लिहायच्या एडिटरला ही कोणी शिकवली?"

ताई टापटीपकडे वळली.

"आता तुम्ही."

टापटीपने सेव्ह केलं. ओळी उडाल्या आणि छोटीपासून लांबपर्यंत पायऱ्या तयार झाल्या.

भावोजी खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे दोन्ही लॅपटॉप सामील आहेत!"

त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. टापटीप टेबलावरून वाकून धाकटीच्या लॅपटॉपचा पडदा बघत होता.

"तू वर्णक्रम लावलास? आपणहून?"

"तुला आवडतो म्हणून. आपण भांडलो ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सेटिंग बदललं. म्हटलं, तुझं तुला दिसेल." तिचा आवाज चिरकायला लागला. "आणि तू रोज ते काढून माझ्याच पायऱ्या परत लावायचास. मला वाटलं तू म्हणतोयस, नकोत मला तुझे उपकार."

"मी काढलं नाही गं! मी पायऱ्यांचं सेटिंग केलं होतं. तुझ्यासाठी. सेव्ह केलं की एडिटर आपोआप लावतो. मी तर रोज आल्यावर बघायचो, तू पायऱ्या मोडून ठेवलेल्या. मला वाटलं, तू म्हणतेयस ठेव तुझं तुझ्याकडे."

"मग विचारायचं होतंस ना!"

"तू विचारलंस का?"

मग धाकटी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. टापटीपने तिला रुमाल दिला. तो पावडरने माखलेला होता, त्यामुळे तिला सटासट शिंका आल्या.

"चला," वहिनी म्हणाल्या. "आता एक क्रम सांगा, म्हणजे मी लिंटरचा नियम सुरू करते."

"हिच्या पायऱ्या," टापटीप म्हणाला.

"छे, वर्णक्रमच. याचं बरोबर आहे."

"काही बरोबर नाही. पायऱ्या बघायला बऱ्या वाटतात."

"मी म्हणतेय ना वर्णक्रम! तू प्रत्येक वेळी असाच हट्ट करतोस."

"हट्ट मी करतो? मी तुझं ऐकतोय!"

"हेच ते! ऐकतानासुद्धा तुला तुझंच खरं करायचं असतं!"

आवाज चढत गेले. आता यांचं मन मोठं करण्यावरून लग्न मोडतंय की काय, अशी ताईला धास्ती वाटायला लागली. वहिनींनी घड्याळ पाहिलं, धाकटीचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एका दमात काहीतरी टाइप करून टाकलं.

"लिंटरचा स्वतःचा क्रम असतो तो लावलाय," त्या म्हणाल्या. "आधी प्रोग्रामच्या भाषेसोबत आलेलं, मग बाहेरून आणलेलं, शेवटी आपलं स्वतःचं. मध्ये एकेक रिकामी ओळ. यापुढे दुसऱ्या कुठल्याही क्रमाचा कोड लिंटर परत पाठवेल. माझा फोन आला."

त्या गेल्या. दोघं पडद्याकडे बघत राहिले.

"मध्ये रिकामी ओळ?" टापटीप म्हणाला.

"ना धड पायऱ्या, ना धड वर्णक्रम," धाकटी म्हणाली.

"शी!"

"शी!"

कित्येक दिवसांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. लिंटरला नावं ठेवत ठेवत ते जिना उतरले, आणि खालून बराच वेळ त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं.

भावोजी पंखा पुन्हा जागेवर फिरवत होते. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "ज्यांची नावं आहेत ते दोघे निर्दोष." हे खरंच होतं, आणि त्याचा ताईला पुढे कित्येक दिवस त्रास झाला. थोडं थांबून भावोजी जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्यावर बोट दाखवलं, ते मनाला लावून घेऊ नकोस. आणि हे बघ, सकाळचा चहा एकटीने प्यायचा नसेल, तर मी ऑफिसात लवकर येतो." ताईला त्यांच्या केसातलं ते जळमट अजून तसंच दिसलं. ते तिने हळूच काढलं.

करार झाला, पुढे लग्नही झालं. सामान लावायला ताई त्या घरी गेली, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन थेट फळीवर आलेलं होतं. फळीवर डबे मांडून झाले होते. पहिल्यांदा घरमालकाने ठेवून दिलेल्या दोन बरण्या. मग थोडी जागा सोडून दुकानातून आणलेले नवे डबे. पुन्हा थोडी जागा, आणि शेवटी ताईकडून आलेले जुने स्टीलचे डबे, झाकणाला पोचे पडलेले.

"हे काय गं?" ताईने विचारलं.

"घरासोबत आलेलं, बाहेरून आणलेलं, आपलं स्वतःचं," धाकटी म्हणाली. "आम्हाला दोघांनाही अजिबात आवडत नाही. त्यामुळे भांडण होत नाही."

तेवढ्यात टापटीपने पडदे धरायला धाकटीला हाक मारली आणि ताई फळीसमोर एकटी उरली. तिने त्या शेवटच्या डब्यांकडे बराच वेळ पाहिलं. आपलं स्वतःचं, या गटात तिचे डबे होते. डोळे पुसून झाल्यावर तिच्यातल्या टेस्टरने डोकं वर काढलं. तिने स्टीलचा सगळ्यात छोटा डबा हळूच उचलला, घरमालकाच्या दोन बरण्यांच्या मधोमध ठेवला आणि 'येते गं' म्हणून निघाली.

ती रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतही पोचली नसेल, तोच फोन वाजला.

"ताई!" दोन आवाज एकदम आले. "डबा कोणी हलवला?"

"कोण जाणे बाई," ताई म्हणाली. "तपासाला भावोजींना पाठवू का?"

"नको!" दोघं एका सुरात ओरडले.